तारकर्लीच्या पाण्याचा दाखला

नाताळच्या सुटींत किंवा मे महिन्यांत तारकर्लीच्या पुळणीवर जो कोणी उभा राहील, त्याला तेथें आंकड्यांची वानवा दिसणार नाहीं. छत्रीला दोरानें बांधून घेऊन आकाशांत उडण्याचा दर काय, फुगविलेल्या 'केळ्या'वर बसून लाटांतून ओढले जाण्याचा दर काय, पाठीवर हवेचें नळकांडें घेऊन पाण्याखालचें प्रवाळ पाहण्याचा दर काय, हें सर्व फलकांवर ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें. होडींत माणसें किती, भरती किती वाजतां, ओहोटी किती वाजतां, याचीहि चौकशी करणाऱ्यास उत्तर मिळतें. परंतु ज्या पाण्यांत हा सारा खेळ चालतो, ज्यांत आपलीं मुलें तास तास डुंबतात, आणि जें त्यांच्या नाकातोंडांत व कानाडोळ्यांत जातें, त्या पाण्याच्या एका पेल्यांत विष्ठेबरोबर आलेले जंतू किती आहेत, हा आंकडा मात्र आम्हांस त्या पुळणीवर कोठेंहि आढळला नाहीं. तो तेथें कां नसावा, आणि तो असावा असा आग्रह कोणीं धरावयाचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. तारकर्लीचें पाणी दूषित आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें निर्मळ आहे असेंहि म्हणत नाहीं. दोहोंपैकीं कोणतेंहि विधान करण्यास जो पुरावा लागतो तो स्नान करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीं ठेवलेला नाहीं, हीच आमची तक्रार आहे. ज्यांनीं सांगावयाचें ते सांगत नाहींत, आणि ज्यांनीं विचारावयाचें ते विचारीत नाहींत. दोघांच्या या सोयीस्कर मौनावर एका सुंदर गांवाचें भवितव्य आणि हजारों मुलांचें आरोग्य टांगलेलें आहे.

कोणी म्हणेल कीं असा दाखला मागण्यास कायद्याचा आधार काय? आधार आहे, आणि तो जुना आहे. पाण्याचें प्रदूषण रोखण्यासाठीं महाराष्ट्रानें स्वतःचा कायदा १९६९ सालींच केला, १९७० सालीं त्यासाठीं मंडळ नेमलें, आणि पुढें १९७४ सालीं सर्व देशाचा कायदा झाला. किनाऱ्याच्या पाण्याचे त्याच्या उपयोगाप्रमाणें पांच वर्ग पाडण्यांत आले. त्यांतील दुसरा वर्ग स्नानाचा, अंगाशीं पाण्याचा संबंध येणाऱ्या खेळांचा आणि व्यापारी मासेमारीचा. या वर्गाच्या पाण्यांत दर १०० मिलिलिटरमागें विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू शंभराहून अधिक असूं नयेत, असें प्रमाण ठरलें आहे. हे जंतू बहुधा स्वतः फारसे उपद्रवी नसतात. पण मनुष्याच्या किंवा जनावराच्या आंतड्यांतील घाण येथवर पोंचली आहे, ही वर्दी ते देतात. जेथें ते पुष्कळ, तेथें त्यांच्या संगतीनें हगवणीचे, विषमज्वराचे आणि काविळीचे जंतूहि येण्याचा संभव पुष्कळ. तेव्हां वर्ग ठरला आहे, प्रमाण ठरलें आहे, मोजण्याची रीत ठरली आहे. ठरलें नाहीं तें एवढेंच, कीं मोजून आलेला आंकडा पाण्यांत उतरणाऱ्या माणसाला, तो उतरण्यापूर्वीं, त्याच्या भाषेंत सांगावयाचा. सरकारी अहवालांत वर्षाअखेरीस छापला जाणारा आंकडा अभ्यासकाच्या उपयोगी पडतो. मुलाचा हात धरून लाटेकडे निघालेल्या आईच्या तो कांहीं उपयोगीं पडत नाहीं.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात ते आतां एकेक करून पाहूं.

पहिला आक्षेप डोळ्यांचा. "अहो, तारकर्लीचें पाणी काचेसारखें आहे, पायाखालची वाळू दिसते, तेथें कसली घाण घेऊन बसलांत?" पाणी खरोखरच नितळ असतें, आणि तें पाहून कोणाचेंहि मन प्रसन्न होईल. पण नितळपणा हा गाळाच्या अभावाचा पुरावा आहे, जंतूंच्या अभावाचा नव्हे. जंतूची लांबी मिलिमीटरच्या एक-दोन हजारांशाएवढी. विषाणू त्याहूनहि कितीतरी लहान. ते शेंकड्यांनीं असले तरी पेल्यांतील पाण्याची नितळाई रतिभरहि कमी होत नाहीं.

डोळ्यांवर विसंबण्याचा हा प्रमाद आपल्यापेक्षां पुढारलेल्या म्हणविणाऱ्यांनींहि केला आहे. १९५७ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रस्नानानंतर वेकफील्ड नांवाच्या दांपत्याची सहा वर्षांची मुलगी पोलिओनें दगावली. आईबापांची अशी खात्री झाली कीं रोग त्या मैलामिश्रित पाण्यांतून आला. परंतु तेथील वैद्यक संशोधन मंडळानें १९५९ सालीं जो अहवाल काढला त्याचा मथितार्थ असा, कीं पाणी पाहतांच किळस यावी इतकें तें घाण नसेल तर त्यापासून भय मानण्याचें कारण नाहीं. म्हणजे किळस हेंच प्रमाण ठरलें! त्या दांपत्यानें वाद घालीत बसण्याऐवजीं किनारा पालथा घातला, कोठें मैला समुद्रांत सोडला जातो व कोठें नाहीं याची नोंद केली, आणि १९६० सालीं स्वच्छ किनाऱ्यांची एक यादी छापून लोकांच्या हातीं दिली. पुढें १९७६ सालीं युरोपीय राष्ट्रांनीं स्नानाच्या पाण्याविषयीं संयुक्त निर्बंध केला, तेव्हां ब्रिटिश सरकारनें आपल्या अफाट किनाऱ्यापैकीं अवघीं २७ ठिकाणें स्नानाचीं म्हणून दाखविलीं, आणि ब्लॅकपूल व ब्रायटन हीं जगप्रसिद्ध स्थळें त्यांतून गाळलीं. समुद्राचें तोंडहि न पाहिलेल्या लक्झेंबर्गनें दाखविलेल्या स्नानस्थळांची संख्या याहून अधिक होती. मोजूंच नये म्हणजे दोष सांपडणारच नाहीं, ही युक्ति कांहीं आपल्याच कचेऱ्यांची मिरास नव्हे. पण ती फार काळ टिकली नाहीं. ब्लॅकपूलच्या पाण्यावरून १९९३ सालीं युरोपच्या न्यायालयानें ब्रिटनला दोषी ठरविलें, आणि मग मैल्यावर प्रक्रिया करण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

दुसरा आक्षेप समुद्राच्या विशालतेचा. "समुद्र अथांग, त्यांत नद्या मिळतात, जहाजें बुडतात, त्याला दहा घरांच्या मोरीनें काय होणार? शिवाय खारें पाणी आणि ऊन जंतूंना मारतेंच." या म्हणण्यांत अर्धें सत्य आहे आणि म्हणूनच तें अधिक फसवें आहे. ऊन आणि क्षार यांनीं पुष्कळ जंतू कांहीं तासांत मरतात हें खरें. परंतु विषाणू त्यांहून चिवट असतात, आणि ढगाळ दिवशीं, रात्रीं किंवा गढूळ पाण्यांत जंतूहि अधिक काळ तग धरतात. शिवाय स्नान करणारा मनुष्य अथांग समुद्रांत उभा नसतो. तो कमरेइतक्या पाण्यांत, किनाऱ्यापासून वीस पावलांवर उभा असतो. भूमीवरून निघालेली घाण प्रथम तेथेंच येते, आणि सगळ्यांत कमी विरलेली तेथेंच असते.

तारकर्ली व देवबाग यांची भूमि कशी आहे, हें तेथें गेलेल्या प्रत्येकानें पाहिलेलें आहे, पण त्याचा अर्थ फार थोड्यांनीं लावला असेल. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास सह्याद्रींतून उतरलेली कर्ली नदी, आणि दोहोंच्या मध्यें माडांनीं भरलेली वाळूची एक चिंचोळी पट्टी. देवबागच्या टोंकास नदी समुद्रास मिळते. त्या संगमावर आणि खाडींतील वाळूच्या बेटावर आज जलक्रीडेची सर्वांत मोठी गर्दी. ही वाळू पावसाचें पाणी पिऊन घेते. गोडें पाणी हलकें म्हणून तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, आणि त्या पातळ थरावरच येथल्या विहिरी आणि येथले माड जगतात. आतां ज्या वाळूंतून पाऊस इतक्या सहज खालीं उतरतो, त्याच वाळूंतून शोषखड्ड्याचें पाणी कां उतरणार नाहीं? आणि पावसाळ्यांत भूजल वर चढून खड्ड्याच्या तळाला भिडलें म्हणजे मध्यें गाळणारें असें काय उरतें?

येथें एका अभिमानाच्या गोष्टीकडे जरा निराळ्या नजरेनें पाहणें प्राप्त आहे. २०१६ सालीं ग्रामीण स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणींत सपाट प्रदेशांतील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचा गौरव झाला. तो गौरव येथील ग्रामस्थांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, कष्टानें मिळविलेला होता, आणि त्याचें मोल कमी करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु घरोघर शौचालय झालें म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें जमिनीखालीं असतें व तें कोणास दिसत नाहीं. ज्याला आपण मोठ्या विश्वासानें 'सेप्टिक टँक' म्हणतों, ती टांकी घाण नाहींशी करीत नाहीं. ती जड भाग तळाशीं बसविते आणि जंतूंनीं भरलेलें पाणी पुढें सोडते. तें पाणी जिरविण्यास पुरेशी कोरडी माती हवी, विहिरीपासून दहापंधरा मीटर अंतर हवें, आणि टांकींतील गाळ ठराविक वर्षांनीं उपसावयास हवा. पांच माणसांच्या कुटुंबासाठीं बांधलेल्या टांकीवर निवास-न्याहारीच्या खोल्या चढल्या, आणि सुटीच्या आठवड्यांत त्याच टांकीवर वीस पाहुण्यांचा भार पडूं लागला, तर ती टांकी करील काय? आणि उपसलेला गाळ वाहून नेणारी गाडी तो कोठें रिता करते, हा प्रश्न आपल्यापैकीं कितीजणांनीं कधीं विचारला आहे?

ज्या जलदुर्गाच्या सावलींत हा सारा व्यवहार चालतो, त्याची तरी आठवण ठेवावयास हवी होती. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि चोहोंकडून खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या त्या किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आजहि दाखविल्या जातात. तटबंदी कितीहि भक्कम असो, आंतलें पाणी नासलें तर किल्ला पडतो, हें त्या काळच्या हवालदारास कोणीं शिकवावें लागत नव्हतें. आम्ही त्या विहिरींचीं छायाचित्रें घेतों आणि किनाऱ्यावरच्या विहिरींत काय उतरतें तें विचारीत नाहीं.

तिसरा आक्षेप असा, कीं "आजवर कोण आजारी पडलें? इतकीं वर्षें लोक येतात, कोणाची तक्रार नाहीं." हा आक्षेप वरून अत्यंत व्यवहारी दिसतो, पण तक्रार येणार कोणाकडून आणि पोंचणार कोणाकडे? पुण्याचें, कोल्हापूरचें किंवा बेळगांवचें कुटुंब दोन दिवस राहून परत जातें. तिसऱ्या दिवशीं मुलाला उलट्या-जुलाब होतात. घरांतले म्हणतात, बाहेरचें खाणें बाधलें. कोणी कोळंबीला दोष देतो, कोणी प्रवासाला, कोणी उन्हाला. कान ठणकला तर वाऱ्यानें ठणकला. दूषित पाण्यापासून होणारी एका जातीची कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनीं उद्भवते. तोंपर्यंत तारकर्लीचे फोटोसुद्धां जुने झालेले असतात! दहा गांवांचीं दहा मुलें दहा डॉक्टरांकडे जातात, आणि त्या दहांना एका पुळणीशीं जोडणारा धागा कोणाच्याच हातीं राहत नाहीं. तेव्हां तक्रार नाहीं याचा अर्थ रोग नाहीं असा होत नाहीं. मोजणारा नाहीं एवढाच होतो.

बाहेरच्या देशांत जेथें मोजणारे होते तेथें काय आढळलें? अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत स्नान करून गेलेल्या लोकांना मागाहून गांठून त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करण्याचे मोठे उद्योग झाले, आणि पाण्यांतील विष्ठाजन्य जंतू जसे वाढतात तसे पोटाचे विकारहि वाढतात असें दिसून आलें. त्यावरूनच १९८६ सालीं तेथील प्रमाणें ठरलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००३ सालीं यासंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं व २०२१ सालीं तीं सुधारलीं. तिचा हिशेब 'एन्टरोकोकस' या खाऱ्या पाण्यांत अधिक टिकणाऱ्या जंतूवर आधारलेला आहे. ज्या ठिकाणच्या शंभर नमुन्यांपैकीं पांचाहून अधिक नमुन्यांत १०० मिलिलिटरमागें असे ५०० च्या वर जंतू सांपडतात, तेथें एका स्नानामागें पोट बिघडण्याचा संभव शेंकडा दहाहून अधिक धरला आहे; आणि जेथें ही मर्यादा ४० च्या आंत राहते तेथें तो शेंकडा एकाहून कमी. दहा मुलांत एक आणि शंभर मुलांत एक, यांतील फरक ज्याला क्षुल्लक वाटतो त्यानें खुशाल आपलें मूल त्या दहांत उभें करावें. त्यांतहि मुलें अधिक पाणी गिळतात. तलावांत पाऊण तास पोहणाऱ्यांची परीक्षा केली असतां मोठ्यांच्या पोटांत सरासरीनें १६, तर मुलांच्या पोटांत ३७ मिलिलिटर पाणी गेल्याचें अमेरिकेंतील एका प्रयोगांत आढळलें होतें. फलकावरचा आंकडा मुख्यतः त्यांच्यासाठीं हवा.

आणि पाहुण्यांचें एक वेळ सोडून देऊं. पाहुणा दोन दिवस पाण्यांत असतो. रापण ओढणारा मनुष्य जन्मभर असतो. खाडींत तिसरे व कालवें काढणाऱ्या बायका गुडघाभर पाण्यांत तासचे तास उभ्या असतात. हे शिंपल्यांतले जीव दिवसभर पाणी गाळून आपलें अन्न मिळवितात, आणि त्या गाळण्यांत पाण्यांतले जंतूहि आपल्या अंगांत सांठवितात. म्हणजे खाडी बिघडली तर स्थानिक मनुष्याचा रोजगार, जेवण आणि आंघोळ हीं तिन्हीं एकदमच बिघडतात. आणि त्याला परत जावयास पुणें-मुंबई नाहीं.

चौथा आक्षेप धंद्याचा. आणि हाच सर्वांत प्रामाणिक व म्हणून सर्वांत विचारणीय आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोंकण रेल्वे पूर्ण मार्गानें धांवूं लागली, २०२१ च्या ऑक्टोबरांत चिपीचा विमानतळ उघडला, आणि २०२३ च्या डिसेंबरांत याच किनाऱ्यावर नौदल दिनाचा सोहळा होऊन तारकर्ली सर्व देशानें पाहिली. ज्या घरांतले तरुण पूर्वीं मुंबईच्या गिरण्यांची वाट धरीत, त्या घरांना आज अंगणांतच चार पैसे मिळतात. कर्ज काढून दोन खोल्या बांधणारा तेथील गृहस्थ म्हणतो, "फलकावर वाईट आंकडा लागला तर माझें गिऱ्हाईक गोव्याला जाईल. मग हप्ते कोण भरील?" या प्रश्नाला हंसणें आम्हांस शोभणार नाहीं, हप्ता त्याचा आहे.

पण त्याच गृहस्थास आम्ही नम्रपणें विचारूं, कीं गिऱ्हाईक कशानें जातें? आंकड्यानें कीं अफवेनें? ज्या किनाऱ्यावर दर आठवड्यास आंकडा लागतो, तेथें एखाद्या आठवड्यास तो वाईट आला तरी पुढच्या आठवड्यास सुधारलेला दिसतो, आणि लोकांचा विश्वास बसतो. जेथें आंकडाच नाहीं तेथें एका कुटुंबाच्या आजाराची बातमी चार दिवसांत घरोघर जाते, आणि तिचें खंडन करण्यास कोणापाशींहि कागदाचा तुकडा नसतो. जुहू आणि गिरगांव यांची आठवण करावी. तेथेंहि एके काळीं लोक हौसेनें पोहत. आज तेथें जाणारा सूर्यास्त पाहतो, भेळ खातो, आणि पाण्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं दोनदां विचार करितो. त्या किनाऱ्यांना कोणत्या फलकानें घालविलें? हांगकांगांत किनाऱ्यांच्या पाण्याची प्रतवारी १९८६ पासून लोकांस कळविली जाते, आणि म्हणून तेथले लोक पोहावयाचे थांबलेले नाहींत. पॅरिसच्या सेन नदींत १९२३ सालीं स्नानास बंदी झाली. शंभरांहून अधिक वर्षांनीं, अब्जावधि युरो खर्चून, २०२५ च्या उन्हाळ्यांत ती लोकांस पुन्हां खुली झाली. आणि जेव्हां पाऊस पडून पाणी बिघडतें तेव्हां बंदीचें निशाण चढवून तें लोकांस स्पष्ट सांगितलें जातें. आपण आज थोडा खर्च करून जें राखूं शकतों, तें गमावून परत मिळविण्यास केवढी किंमत पडते, याचा हा धडा आहे. २०२० सालीं भारतांतील आठ किनाऱ्यांस स्वच्छतेचें आंतरराष्ट्रीय 'निळें निशाण' प्रथम मिळालें. त्यांत गुजरात, कर्नाटक, केरळ, आंध्र, ओरिसा यांचे किनारे होते. त्या पहिल्या आठांत महाराष्ट्राचा एकहि नव्हता. त्या निशाणाच्या अटींत पाण्याची नियमित तपासणी आणि तिचे निकाल किनाऱ्यावर लावणें ही अट आहे, हें आमच्या धंदेवाईक मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. जगांत पाहुणे आंकडा पाहून येतात.

२०२२ च्या मे महिन्यांत तारकर्लीजवळ पर्यटकांची एक होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. त्यानंतर तपासण्या झाल्या, परवाने पाहिले गेले, प्राणरक्षक जाकिटांची चर्चा झाली. प्रेत दिसल्यावांचून जागें न होणें, हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा जुना रोग आहे. बुडणाऱ्याची बोंब तरी ऐकूं येते. पाण्यांतून लागलेल्या रोगाला बोंबहि नसते. म्हणून येथें जागें होण्यासाठीं अपघाताची वाट पाहिली तर ती वाट कधींच संपणार नाहीं.

येथवर आम्ही कचेऱ्यांविषयीं व धंद्याविषयीं बोललों. पण हें मासिक ज्या घरांतून वाचलें जातें तीं घरें निर्दोष आहेत काय? सुटीचा बेत ठरवितांना आपण काय काय विचारतों? खोली वातानुकूल आहे ना, गरम पाणी चोवीस तास आहे ना, सुरमई ताजी मिळेल ना, समुद्र खोलींतून दिसतो ना! 'तुमच्या मोरीचें पाणी कोठें जातें', हा प्रश्न आपल्यापैकीं एकानेंहि विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि आम्हींहि तो कधीं विचारला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठीं आपण अधिक भाडें देतों, आणि त्या खोलीच्या मागच्या टांकीपासून समुद्र किती पावलांवर आहे हें मोजीत नाहीं. स्वस्त खोलीसाठीं दोनशें रुपयांची घासाघीस करणारा मनुष्य नकळत त्या टांकीचा खर्चच कापीत असतो. आपल्या घरीं पाणी गाळून, उकळून, वर औषध घालून पिणारे आपण, तेथें मात्र आपल्या मुलाला पाण्यांत ढकलून किनाऱ्यावरून छायाचित्र काढतों! ज्या समाजाला आपल्या हक्काचा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, त्याला उत्तर देण्याची घाई सरकारला कां असावी?

आतां करावयाचें काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांपैकीं एकीलाहि नवा कायदा लागत नाहीं.

ऑक्टोबर ते मे या हंगामांत तारकर्लीची पुळण, देवबागचा संगम, खाडींतील वाळूचें बेट आणि मालवणचा धक्का अशा ठरलेल्या जागीं दर आठवड्यास पाण्याचे नमुने घ्यावेत, आणि निकाल तारखेसह, मराठींत, हातभर अक्षरांत त्या त्या जागीं लावावा. परीक्षा फार अवघड नाहीं: पाणी बारीक गाळणींतून गाळावयाचें, ती गाळणी जंतूंच्या खाद्यावर ठेवून ठराविक उष्णतेंत एक दिवस राखावयाची, आणि उगवलेले ठिपके मोजावयाचे. विज्ञान शिकविणाऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी हें शिकूं शकतील. परंतु निकाल एक दिवस उशिरां येतो, हें या पद्धतीचें व्यंग आहे. फलक कालच्या पाण्याचें सांगतो. म्हणून त्याच्या जोडीस प्रत्येक टांकी, खड्डा, गटार व वहाळ यांची स्थळपाहणी हवी, म्हणजे घाण कोठून येऊं शकते हें आधींच कळेल. अवेळीं पाऊस पडल्यास तीन दिवस खाडीच्या मुखाशीं स्नान व जलक्रीडा बंद ठेवाव्यात. कॅलिफोर्नियांत पावसानंतर ७२ तास समुद्रांत न उतरण्याची सूचना नेहमीं दिली जाते, तिच्यांत कांहीं लाजिरवाणें मानलें जात नाहीं. कर्लीसारख्या खाडीला तर हें अधिक लागू आहे, कारण सिंधुदुर्गांत उंदरांच्या मुतानें पसरणाऱ्या लेप्टोच्या तापानें पूर्वीं बळी घेतलेले आहेत, आणि तो जंतू पावसाच्या गोड्या पाण्याबरोबरच वाहत येतो.

यासाठीं लागणारा पैसा कोठून आणावा, हें विचारण्याचें कारणच नाहीं. छत्रीवर उडणाऱ्या आणि पाण्याखालीं बुडी मारणाऱ्या प्रत्येकाच्या तिकिटांतून कांहीं ठराविक रुपये बाजूस काढून, त्यांतून तपासणी, टांक्यांचा नियमित उपसा आणि त्या गाळावर प्रक्रिया करणारें दोनचार गांवांचें एक लहानसें केंद्र चालवावें. ज्या घरमालकाला टांकी सुधारावयाची आहे त्यास त्याच निधींतून स्वस्त कर्ज मिळावें. दंडाचा बडगा त्यानंतर उगारावा, आधीं नव्हे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, मेरीटाईम बोर्ड, पर्यटन महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या पांच दारांमध्यें आज हा प्रश्न हिंडतो. त्यांपैकीं एकानें फलकाखालीं आपली सही करावी. ज्याची सही, त्याची जबाबदारी. १९८७ पासून मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून राखला जातो, आणि किनारा-नियमनाच्या अधिसूचनेंत मालवणची गणना अतिनाजूक किनाऱ्यांत केली आहे. प्रवाळासाठीं जें राज्य इतकी काळजी जाहीर करितें, त्यानें माणसाच्या मुलासाठीं एक फलक लावावा, ही मागणी अवाजवी आहे काय?

आणि आमच्या वाचकांसाठीं एकच सूचना. पुढच्या सुटींत खोली ठरवितांना, भाडें विचारण्याच्या आधीं, दोन प्रश्न विचारावेत: तुमच्या टांकीचा गाळ शेवटीं केव्हां उपसला, आणि या आठवड्याचा पाण्याचा आंकडा काय? पहिल्या वर्षीं लोक हंसतील. दुसऱ्या वर्षीं कोणीतरी उत्तर तयार ठेवील. तिसऱ्या वर्षीं ज्याच्यापाशीं उत्तर आहे त्याच्या खोल्या आधीं भरतील, आणि मग शेजारी आपणहून टांकी दुरुस्त करील. तारकर्लीच्या पुळणीवर दरांचे फलक पुष्कळ झाले. त्यांच्या शेजारीं आणखी एका फलकापुरती जागा नक्कीच आहे.